बिजागऱ्यांची उत्क्रांती

उत्क्रांतीवर बेतलेल्या अल्गोरिदमचं एक कूळ थेट विंड टनेलमध्ये सापडतं. साल १९६४, बर्लिनची टेक्निकल युनिव्हर्सिटी. इंगो रेशेनबेर्ग, हान्स-पाउल श्वेफेल आणि पेटर बीनर्ट या तीन विद्यार्थ्यांनी सहा पट्ट्या पाच बिजागऱ्यांनी जोडल्या. प्रत्येक बिजागरी ५१ कोनांत अडकवता येई, म्हणजे एकूण आकार ३४ कोटी ५० लाखांच्या वर. यातला वाऱ्याला सर्वांत कमी अडवणारा कोणता?

उत्तर शेंबडं पोरही सांगेल: पट्ट्या सरळ करा. मुद्दाम असाच प्रश्न घेतला होता. उत्तर ठाऊक असलं तरच रीत पारखता येते.

एकेक बिजागरी पाळीपाळीने सुधारत जाण्याची शिस्त अशा कामात मध्येच अडकते. यांनी पाचही कोन एकदम बदलले. किती, ते नशिबावर सोडलं. त्यासाठी 'गाल्टन बोर्ड' नावाची खिळ्यांची फळी वापरली. वरून सोडलेली गोटी खिळ्यांवर आपटत बहुधा मधल्या कप्प्यांत पडते, टोकाच्या कप्प्यात क्वचितच. त्यामुळे लहान बदल पुष्कळ, मोठे विरळा. नवा आकार वाऱ्यात धरायचा, अडथळा मोजायचा. कमी भरला तर पुढच्या पिढीचा बाप तो, नाहीतर जुनाच. वेडीवाकडी घडी अशी हळूहळू सपाट झाली.

पुढे रेशेनबेर्ग यांनी एक झकास नियम बसवला. पाचांतल्या एकाहून जास्त बदल फळत असतील तर उडी मोठी घ्या, कमी फळत असतील तर लहान. माझ्या मते या घराण्याची खरी मिळकत हीच. नुसतं नशीब कुणीही आजमावतं. उडीचं माप ठरवणं अवघड.

अमेरिकेत मिशिगनमध्ये जॉन हॉलंड यांचं घराणं स्वतंत्रपणे वाढलं. बर्लिनच्या पहिल्या प्रयोगात एकच पालक आणि एकच अपत्य होतं. हॉलंड यांनी दोन पालकांच्या गुणांची सरमिसळ मध्यवर्ती मानली. त्यांचं पुस्तक १९७५चं. 'जेनेटिक अल्गोरिदम' म्हणून गाजली ती ही शाखा.

नासाने २००६ साली एसटी-५ मोहिमेत तीन छोटे उपग्रह सोडले. त्यांच्यावरचा एक अँटेना असाच पिढ्यानपिढ्या निवडत घडवला होता. वाकवून टाकलेल्या पेपरक्लिपसारखा दिसायचा तो. शहाण्या इंजिनिअरने कागदावर काढला असता तर वरिष्ठांनी परत पाठवला असता. अंतराळात मात्र तो गेला आणि चालला.