जुन्या पिकअपचे इंजिन का तापते? कूलंटचा बिघाड कसा ओळखावा

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. अशा उन्हात मालाने भरलेली जुनी पिकअप तुळजापूरचा घाट चढू लागली की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकतो. अनेक चालक गाडी बाजूला घेतात, थोडे पाणी ओततात आणि पुढे निघतात. त्याने वेळ निभावते, बिघाड तसाच राहतो. इंजिन नेमके केव्हा तापते आणि कूलंट जाते कुठे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून तो सापडतो. शोध टाळला, तर पाइपाच्या एका क्लिपवर भागणारे काम सिलिंडर हेडपर्यंत जाऊ शकते.

कूलंट कसे काम करते?

वॉटर पंप कूलंटला इंजिनाच्या आतील पोकळ्यांतून फिरवतो. तापलेले कूलंट वरच्या पाइपातून रेडिएटरमध्ये येते आणि थंड होऊन खालच्या पाइपातून परत जाते. इंजिन साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापेपर्यंत थर्मोस्टॅट ही वाट बंद ठेवतो. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते. साधे पाणी १०० अंशांना उकळते. सुमारे १ बार जादा दाबाखाली मात्र ते १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर किंवा स्प्रिंग गेली, तर बाकी सगळे ठीक असूनही कूलंट उकळून बाहेर पडते.

याच दाबामुळे गरम इंजिनाचे झाकण उघडणे धोक्याचे असते. उसळलेल्या कूलंटने हात आणि चेहरा भाजतो. सर्व तपासणी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो सकाळी पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी करावी.

इंजिन केव्हा तापते?

उभ्या गाडीत किंवा शहरातील गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो: पंखा, त्याचा क्लच किंवा फॅन बेल्ट तपासावा. वेगात वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत तो पंख्यालाच ओढावा लागतो.

चढावर किंवा पूर्ण लोड असताना तापते: रेडिएटर अपुरा पडत असतो. बाहेरच्या जाळीत धूळ, भुसा किंवा उसाचे पाचट अडकलेले असू शकते, नाहीतर आतल्या नळ्या क्षारांनी भरलेल्या असतात.

चालू केल्यावर थोड्याच वेळात तापते, वरचा पाइप गरम आणि खालचा गार राहतो: थर्मोस्टॅट अडकलेला असावा, किंवा रेडिएटर तुंबलेला असावा. थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात सोडावा आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाजवळ तो उघडला नाही, तर बदलावा.

थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकणे हा उपाय नव्हे. इंजिन गार चालते, डिझेल जास्त लागते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसेल, तर बरेच कूलंट रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरते.

कूलंट जाते कुठे?

रात्रभर गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवावा. सकाळी डाग कुठे पडला आहे, त्यावरून गळतीची जागा कळते. पाइपांची टोके, क्लिपा आणि रेडिएटरचे सांधे पाहावेत. वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा हिरवट थर हीसुद्धा गळतीची खूण असते. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब येत असतील, तर पंपाचे सील गेलेले असते.

बाहेर कुठेही ओल नाही आणि तरी पातळी घटत आहे, अशा वेळी हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. गार इंजिन झाकण उघडे ठेवून चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येणे आणि ऑइल दुधाच्या चहासारखे दिसणे या त्याच्या खुणा आहेत. ऑइलचा रंग असा बदलला असेल, तर गाडी चालवू नये; टो करूनच गॅरेजमध्ये न्यावी.

बोअरच्या पाण्याचा प्रश्न

सोलापूर परिसरात अनेक ठिकाणी बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे. चहाच्या भांड्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. नुसत्या पाण्यात गंजरोधकही नसतो. सोलापुरात पाणी गोठण्याची भीती नाही, म्हणून कूलंट लागत नाही, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. कूलंट गंज रोखते आणि उकळण्याचे तापमानही वाढवते. ते डिस्टिल्ड पाण्यात, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात मिसळावे. केवळ रंग जुळतो म्हणून दोन प्रकार एकत्र करू नयेत. बहुतेक कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल गोड पण विषारी असते. काढलेले कूलंट मुले आणि जनावरांपासून दूर ठेवावे.

रस्त्यात गाडी तापली तर

गाडी सुरक्षित जागी थांबवावी. वाफ येत असेल किंवा कूलंट सांडत असेल, तर इंजिन लगेच बंद करावे. काटा अचानक खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नये: कूलंट संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चुकीचे तापमान दाखवू शकतो. किमान अर्धा तास थांबावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर मिळेल ते स्वच्छ पाणी भरून जवळचे गॅरेज गाठता येते. मात्र किती लिटर पाणी लागले, याची नोंद ठेवावी. मेकॅनिकसाठी तो गळतीचा पहिला पुरावा असतो.