सान्निध्याचा शोध आणि यंत्र

धर्मश्रद्धा आणि यंत्रबुद्धी यांच्या संबंधाचा इतिहास आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेपासून सुरू होत नाही. त्याचा एक महत्त्वाचा आरंभ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील इटलीत आढळतो. रोबेर्तो बूसा हे जेझुइट धर्मगुरू तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनातील 'सान्निध्य' या संकल्पनेवर प्रबंध लिहीत होते. सान्निध्यवाचक लॅटिन शब्द तपासताना त्यांच्या ध्यानात आले, की या विचाराचा खरा भार 'इन', म्हणजे 'आत' किंवा 'मध्ये', या क्षुल्लक वाटणाऱ्या शब्दावर आहे. त्याच्या शोधार्थ त्यांनी सुमारे १०,००० चिठ्ठ्या हाताने लिहिल्या. अक्वायनस यांचा कोणताही शब्द गौण मानून चालणार नाही, या जाणिवेतून १९४९ साली त्यांनी न्यूयॉर्कला आय. बी. एम. या कंपनीचे साहाय्य मागितले. छिद्रित पत्रकांपासून सुरू झालेले हे कार्य तीस वर्षांनी ५६ खंडांच्या शब्दसूचीत परिणत झाले. एक कोटीहून अधिक शब्द यंत्राने लावून दिले. त्यांचा अर्थ लावणे मात्र अभ्यासकाकडेच राहिले.

ही श्रमविभागणी पुढे टिकली नाही. २०२४ साली स्वित्झर्लंडमधील लुझर्न येथील सेंट पीटर चॅपेलात, पापनिवेदनाच्या कक्षातील जाळीमागे, येशूची संगणकनिर्मित प्रतिमा प्रयोगादाखल ठेवण्यात आली. ती अनेक भाषांतून प्रश्नांना उत्तरे देत असे. हा पापनिवेदनाचा संस्कार नव्हे, असे संयोजकांनी स्पष्ट केले होते. सुमारे दोन महिन्यांत ९०० संवाद झाले. काहींना उत्तरे साचेबंद वाटली. परंतु मत नोंदविणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो आध्यात्मिक अनुभव असल्याचे सांगितले.

ही साक्ष भ्रम म्हणून झटकून टाकणे योग्य ठरणार नाही. जाळीपाशी येणारा माणूस आपले दुःख घेऊन आला होता आणि त्याची आर्तता खरी होती. प्रश्न आहे तो पलीकडच्या बाजूचा. निवेदन ऐकणारा धर्मगुरू गुप्ततेचा भार वाहतो. तोही स्वतःला पापी मानतो आणि अन्यत्र कोणापुढे तरी गुडघे टेकतो. यंत्राला असे काहीच पणाला लावावे लागत नाही. त्याच्याकडून सांत्वन मिळू शकते. परंतु साधकाला त्याच्या इच्छेविरुद्ध जाब विचारण्याचा आणि त्याच्यासोबत थांबण्याचा अधिकार त्याला कोठून लाभणार?

व्हॅटिकनच्या 'अँटिक्वा एत नोव्हा' या टिपणावर २८ जानेवारी २०२५ हा दिनांक आहे. हाच अक्वायनस यांचा स्मरणदिन. तर्क आणि साक्षात आकलन यांत अक्वायनस यांनी केलेला भेद त्यात आधाराला घेतला आहे, आणि मनुष्याने स्वनिर्मित वस्तूला ईश्वराच्या जागी बसविण्याच्या धोक्याकडे लक्ष वेधले आहे. शब्दाचे उपकार मान्य करून मग त्याची मर्यादा दाखविण्याची ही रीत मराठी वाचकाला 'अमृतानुभवा'तील शब्दखंडनामुळे अपरिचित नाही.

बूसा यांनी यंत्राकडून सान्निध्याविषयीचे शब्द मागितले होते. लुझर्नच्या कक्षात यंत्राकडून सान्निध्यच मागितले गेले. श्रद्धेचे भवितव्य यंत्र किती शिकते यापेक्षा या दोन मागण्यांमधील अंतर माणूस किती काळ ओळखू शकेल, यावर अधिक अवलंबून आहे.