वेगळी खोली आणि समान न्याय

कायद्याचे शिक्षण ही केवळ पोटापाण्याची विद्या नव्हे. ज्या वर्गात आज वीस-बावीस वर्षांची मुले बाकांवर बसलेली असतात, त्याच वर्गातून उद्याचे वकील, न्यायाधीश, आमदार आणि मंत्री निघतात. म्हणून त्या वर्गात कोणास बसू द्यावयाचे आणि कोणास दाराबाहेर ठेवावयाचे हे ठरविताना समाज आपल्या भावी राज्यकारभाराचेच स्वरूप ठरवीत असतो. अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठाच्या विधी विद्यालयाचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. आपल्या घराघरांतून मुलेमुली उच्च शिक्षणासाठी बाहेर पडत असताना तो आपल्या वाचकांपुढे ठेवावा, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली. परंतु दक्षिणेकडील राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी शाळा, आगगाडीचे डबे, उपाहारगृहे अशा सर्वच ठिकाणी वेगळी व्यवस्था निर्माण केली. आगगाडीच्या डब्यावरून उद्भवलेल्या एका खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब केले. सोयी समान असल्या म्हणजे त्या वेगळ्या असल्या तरी घटनेचा भंग होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. प्रत्यक्षात वेगळेपणा काटेकोरपणे पाळला गेला, आणि समानता कागदावरच राहिली.

टेक्ससमधील ह्यूस्टन शहरी १९१२ साली जन्मलेले हेमन मॅरियन स्वेट हे महाविद्यालयीन पदवी घेतलेले गृहस्थ टपालखात्यात पोस्टमनचे काम करीत. त्यांना कायदा शिकावयाचा होता. परंतु राज्यात कृष्णवर्णीयांना प्रवेश देणारे एकही विधी विद्यालय नव्हते. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांनी ऑस्टिन येथील राज्य विद्यापीठाकडे अर्ज केला. त्यांची पात्रता कोणीही नाकारली नाही. केवळ वर्णामुळे अर्ज फेटाळला गेला. तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष पेंटर यांच्याविरुद्ध स्वेट न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील थर्गुड मार्शल हे पुढे १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

खालच्या न्यायालयाने राज्याला सहा महिन्यांची मुदत दिली. तेवढ्या अवधीत राज्याने एक युक्ती योजिली. ऑस्टिनमध्येच एका इमारतीच्या तळघरात काही खोल्या घेऊन कृष्णवर्णीयांसाठी तात्पुरते ‘विधी विद्यालय’ थाटण्यात आले. त्यास स्वतःचे अध्यापक नव्हते. मागविलेल्या सुमारे दहा हजार ग्रंथांपैकी थोडेच पोहोचले होते. आणि पूर्णवेळ ग्रंथपालही नव्हता. मार्च १९४७ मध्ये दार उघडले, तेव्हा स्वेट यांनी तेथे नाव नोंदविण्यास साफ नकार दिला. घरबसल्या चालून आलेली पदवी नाकारणारा हा पोस्टमन अनेकांना हट्टी वाटला असेल. परंतु त्या नकारातच पुढच्या साऱ्या निर्णयाचे बीज होते.

हा लढा एकाच समाजाने लढविला असे नाही. टेक्सस विद्यापीठातील काही श्वेतवर्णीय विद्यार्थी स्वेट यांच्या बाजूने उभे राहिले, आणि देशातील कायद्याच्या १८७ प्राध्यापकांनी स्वाक्षऱ्या करून सर्वोच्च न्यायालयापुढे निवेदन ठेविले. आपल्याच व्यवसायातील अन्याय शिक्षकांनी उघडपणे अन्याय म्हणावा, ही गोष्ट मला शिक्षक या नात्याने विशेष मोलाची वाटते.

५ जून १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. तोपर्यंत वेगळे विद्यालय काहीसे वाढले होते. म्हणून न्यायालयाने प्रथम दोहोंची तुलना केली. राज्य विद्यापीठाकडे १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी आणि ६५,००० हून अधिक ग्रंथ होते. वेगळ्या विद्यालयाकडे ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी आणि सुमारे १६,५०० ग्रंथ. तथापि सरन्यायाधीश व्हिन्सन येथेच थांबले नाहीत. विद्यालयाचा लौकिक, अध्यापकांची कीर्ती, माजी विद्यार्थ्यांचे समाजातील वजन आणि तेथील परंपरा यांचे मोजमाप करता येत नाही. परंतु विद्यालयाचे थोरपण त्यांतच असते, असे त्यांनी दाखवून दिले. शिवाय, वेगळ्या विद्यालयातून वगळलेले वर्णसमूह म्हणजे राज्याची ८५ टक्के लोकसंख्या होती. ज्या वकिलांशी पुढे वाद घालावयाचा, ज्या न्यायाधीशांपुढे उभे राहावयाचे, ज्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यावयाची, ते बहुतेक सारे त्याच ८५ टक्क्यांतील. त्यांच्यापासून तोडून ठेवलेल्या विद्यार्थ्याचे कायद्याचे शिक्षण पूर्ण कसे व्हावे? न्यायालयाने स्वेट यांना मूळ विद्यालयातच प्रवेश देण्याचा आदेश दिला.

दार उघडले, तरी आत गेल्यावर काय घडते, हा प्रश्न उरतोच. शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात एडा लोइस सिप्युएल या तरुणीसाठी राज्याच्या विधानभवनातील खोल्यांत असेच घाईघाईने विद्यालय काढण्यात आले होते. त्यांनीही ते नाकारले, आणि १९४९ साली त्यांना राज्य विद्यापीठाच्या विधी विद्यालयात प्रवेश मिळाला. परंतु त्यांची खुर्ची वर्गाच्या अगदी मागे, इतरांपासून वेगळी ठेवलेली होती, आणि भोजनगृहातही त्यांच्यासाठी निराळी जागा होती. अशा स्थितीत काही श्वेतवर्णीय सहाध्यायांनी आपल्या टिपणवह्या त्यांना दिल्या. सिप्युएल यांनी शिक्षण पूर्ण केले, आणि १९९२ साली त्याच विद्यापीठाच्या नियामक मंडळावर त्यांची नेमणूक झाली.

स्वेट यांचे दैव तसे नव्हते. सप्टेंबर १९५० मध्ये ते वर्गात दाखल झाले, तेव्हा चार वर्षांच्या खटल्याने ते थकून गेले होते. विद्यालयाच्या आवारात त्यांच्या दहशतीसाठी क्रूस जाळण्यात आला. प्रकृती ढासळली, संसार विस्कटला, आणि १९५२ साली पदवीविनाच त्यांना विद्यालय सोडावे लागले. पुढे त्यांनी समाजकार्याचे शिक्षण घेऊन त्याच क्षेत्रात आयुष्य वेचिले, व १९८२ साली त्यांचे निधन झाले. ज्यांच्या नावाने निर्णय ओळखला जातो, ते स्वतः मात्र वकील होऊ शकले नाहीत! २००५ साली ऑस्टिनमधील न्यायालयाच्या इमारतीस त्यांचे नाव देण्यात आले.

या निर्णयाने १९५४ सालच्या प्रसिद्ध ब्राउन खटल्याची वाट मोकळी केली, आणि शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. पुढचा मार्ग मात्र सरळ नव्हता. १९९६ साली याच टेक्सस विधी विद्यालयाविरुद्धच्या खटल्यात वर्णाचा विचार करून प्रवेश देण्यास अपील न्यायालयाने मनाई केली. २००३ साली मिशिगनच्या विधी विद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मर्यादित स्वरूपात मान्य केला. आणि २०२३ साली पुन्हा तो जवळजवळ मोडीत काढला. मिळालेला हक्क जपावाही लागतो, हे यावरून ध्यानी यावे.

आपल्या देशात हा विषय परका नाही. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर ज्यांना वेगळे बसावे लागले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेली आपली राज्यघटना स्वेट निकालाच्या चारच महिने आधी, २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली, आणि मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने राज्यांना स्पष्टपणे मिळाला. त्यामुळे अनेकांना जागा मिळाल्या. परंतु खेड्यातून मराठी माध्यमात शिकून आलेली मुलगी राष्ट्रीय विधी विद्यापीठात जाते, तेव्हा प्रवेशपरीक्षेपासून निवाड्यांच्या ग्रंथांपर्यंत सर्व काही इंग्रजीत असते. तिच्या शेजारी बसून टिपणवही पुढे करणारा कोणी नसेल, तर तिचा बाक वर्गात असूनही मागेच राहतो.

ज्ञातिबांधव व भगिनींनो, आपल्यासारख्या संस्थांची वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या गरजेतून जन्मास आल्या, आणि त्यांनी अनेकांना हात दिला, हे निर्विवाद होय. परंतु आपला विद्यार्थी केवळ आपल्यांतच वावरला, तर आपणच त्याच्यासाठी एक वेगळी खोली बांधली असे होईल. म्हणून आपली मदत प्रवेशाच्या दिवशी संपू नये. ती पदवीच्या दिवसापर्यंत पोहोचावी. तसेच आपल्या मुलाने वर्गात एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याजवळ जाऊन बसावे, मग तो कोणत्याही ज्ञातीचा असो, हा संस्कार घरातच व्हावा. न्यायालयाच्या आदेशाने दार उघडते. शेजारचा बाक मात्र सहाध्यायालाच मोकळा करून द्यावा लागतो.