रजोनिवृत्तीनंतरच्या अस्थिसुषिरतेवरील औषधोपचार

अस्थिसुषिरता किंवा ऑस्टिओपोरोसिस हा हाडांची घनता घटून ती ठिसूळ होण्याचा विकार आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने हाडांची झीज ती भरून येण्यापेक्षा वेगाने होते. भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती साधारणतः ४६–४७ व्या वर्षी, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी येते.

झीज रोखणारी औषधे

बिस्फॉस्फोनेट गटातील अलेंड्रोनेट हे स्वस्त व सर्वाधिक वापरले जाणारे औषध होय. आठवड्यातून एकदा ७० मि.ग्रॅ.ची गोळी सकाळी रिकाम्या पोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास आडवे न होण्याचे पथ्य असते. चहासोबत घेतल्यास ती नीट शोषली जात नाही. त्याच गटातील झोलेड्रोनिक आम्ल वर्षातून एकदा शिरेतून दिले जाते. डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचतात. रॅलॉक्सिफीनमुळे मणक्यांचे अस्थिभंग कमी होतात, खुब्याचे मात्र नाहीत.

तुलनेतील अडचण

तीन वर्षांच्या चाचण्यांत मणक्यांचे नवे अस्थिभंग झोलेड्रोनिक आम्लाने ७० टक्क्यांनी (२००७), तर डेनोसुमॅबने ६८ टक्क्यांनी (२००९) घटले. हे आकडे शेजारी मांडून सरस औषध ठरवणे चुकीचे आहे, कारण दोन्ही चाचण्यांत तुलना प्लॅसिबोशी होती आणि सहभागी स्त्रियांचा मूळ धोका सारखा नव्हता. अस्थिभंग मोजणाऱ्या थेट तुलना मोजक्याच आहेत. तीव्र अस्थिसुषिरतेच्या रुग्णांमध्ये दोन वर्षांत नवे मणकाभंग हाड घडवणाऱ्या टेरिपॅराटाइडने ५.४ टक्के, तर रिसेड्रोनेटने १२ टक्के स्त्रियांत आढळले. २०१७ च्या चाचणीत वर्षभर रोमोसोझुमॅब व नंतर अलेंड्रोनेट घेणाऱ्यांत मणकाभंगाचा धोका केवळ अलेंड्रोनेट घेणाऱ्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी कमी होता. पहिल्या वर्षी हृदय व रक्तवाहिन्यांचे गंभीर विकार मात्र किंचित अधिक दिसले.

उपचारांचा क्रम

बिस्फॉस्फोनेट हाडात साठून राहते, म्हणून काही वर्षांनी ते थांबवून पाहता येते. डेनोसुमॅबला ही सवलत नाही. इंजेक्शन चुकल्यास झीज उसळून येते व एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. म्हणून ते बंद करताना सहसा बिस्फॉस्फोनेट सुरू करतात. टेरिपॅराटाइडनंतरही झीज रोखणारे औषध न दिल्यास कमावलेली घनता ओसरते. झोलेड्रोनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब देण्यापूर्वी ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढावी लागते, अन्यथा रक्तातील कॅल्शियम धोकादायकरीत्या घटू शकते. भरपूर ऊन असूनही भारतात ही कमतरता सर्रास आढळते.