दीर्घकालीन फुफ्फुसविकार : लक्षणनियंत्रण व मनःस्वास्थ्य (लखनौ)

प्रौढांत आढळणारे आणि पूर्णतः बरे न होणारे जे श्वसनविकार या शीर्षकाखाली एकत्र केले जातात, त्यांत श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा व वैद्यकव्यवहारात ‘सीओपीडी’ या आद्याक्षरांनी परिचित असलेला विकार, जुनाट दमा, श्वासनलिकांचे विस्फारण, फुफ्फुसाचे तंतुमयन आणि क्षयरोग बरा झाल्यावर मागे उरणारी फुफ्फुसाची हानी हे प्रमुख होत. यांपैकी बहुतेकांत झालेली झीज भरून येत नाही. म्हणून धाप, खोकला, कफ व थकवा आटोक्यात ठेवणे आणि रुग्णाचे मन खचू न देणे हेच चिकित्सेचे मुख्य कार्य ठरते. २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार भारतातील सीओपीडीच्या रुग्णांची संख्या १९९० मध्ये सुमारे २ कोटी ८१ लाख होती, ती २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाखांवर गेली; आणि जगाच्या लोकसंख्येत १८ टक्के वाटा असलेल्या या देशाच्या माथी श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यवर्षांचा ३२ टक्के भार आला.

स्थानिक परिस्थिती : गोमतीच्या दोन्ही तीरांवर पसरलेले लखनौ गंगेच्या सखल मैदानात वसलेले असल्यामुळे मार्गशीर्ष लागला, की वारा पडतो, थंड हवेचा थर जमिनीलगत साचतो, आणि वाहनांचा धूर, वीटभट्ट्यांची काजळी, जाळलेला कचरा व रस्त्यावरील धूळ हे सारे त्या थरात कोंडून धुक्यात मिसळते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये जारी केलेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात या शहराचा समावेश आहे. याच ऋतूत गोरगरिबांच्या घरांत दारे-खिडक्या लावून कोळशाची अंगीठी पेटवली जाते, आणि चौकाकडील जुन्या गल्ल्यांत शीरमाल व कबाब करणारे कारागीर तासन्‌तास तंदुरापुढे उभे असतात. विडी आणि सिगारेट यांच्या जोडीला अवधच्या नवाबी काळापासून प्रतिष्ठा पावलेला हुक्का आहे. त्यातील पाण्याने धूर निर्दोष होतो ही समजूत दृढ असली, तरी तिला आधार नाही.

धूम्रपान न करणाऱ्यांतही सीओपीडी मोठ्या प्रमाणावर आढळतो, ही गोष्ट पुण्याचे डॉ. संदीप साळवी व ब्रिटिश श्वसनतज्ज्ञ पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मधील लेखात साधार मांडली. चुलीपुढे उभे आयुष्य काढलेल्या स्त्रिया हे त्याचे ठळक उदाहरण. स्वयंपाकाच्या गॅसची उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातच, बलिया येथे सुरू झाली. परंतु आधीच्या तीस-चाळीस वर्षांच्या धुराने झालेली हानी नव्या शेगडीने भरून निघणारी नाही, आणि अशा स्त्रीच्या धापेला घरातील माणसे वयाचा परिणाम मानत असल्याने ती रुग्णालयाच्या दप्तरात फार उशिरा दाखल होते.

संस्था : येथील सर्वांत जुने वैद्यकपीठ किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ होय. त्याची कोनशिला पुढे पंचम जॉर्ज म्हणून राज्यारूढ झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते २६ डिसेंबर १९०५ रोजी बसवण्यात आली. स्विंटन जेकब यांनी आखलेल्या घुमटदार इमारतीत १९११ साली अध्यापन सुरू झाले. २००२ मध्ये महाविद्यालयाचे विद्यापीठ झाल्यावर काही वर्षे ते कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांच्या नावे चालले, ही महाराष्ट्रीय वाचकाने लक्षात ठेवावी अशी बाब आहे. २०१२ मध्ये पूर्वीचे नाव पुन्हा अंमलात आले. तेथील श्वसनविकार विभाग हा मूळचा क्षयरोग विभाग. क्षयाची साथ ओसरली नसतानाच दमा व सीओपीडी यांची गर्दी वाढत गेली, तसतसे विभागाचे कार्यक्षेत्र विस्तारले. विभागप्रमुख डॉ. सूर्यकांत यांच्या कारकिर्दीत दमेकऱ्यांवर योगाभ्यासाचा काय परिणाम होतो, याची तुलनात्मक पाहणी या विभागाने प्रसिद्ध केली. फुफ्फुस-पुनर्वसनाची व्यवस्थाही तेथे आहे.

१९८३ साली स्थापन झालेली संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था ही दुसरी मोठी संस्था. १९६५ साली डॉ. सिब्ते हसन झैदी यांच्या पुढाकाराने निघालेले औद्योगिक विषविज्ञान केंद्र, म्हणजे आजची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, रुग्णसेवा करीत नाही. पण सिलिका व अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसविकारांवरील तिचे कार्य आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर ती प्रसिद्ध करीत असलेले लखनौच्या हवेचे अहवाल यांवाचून या विषयाचा विचार अपुरा राहील. मानसोपचाराच्या क्षेत्रात अमेरिकन मिशनरी स्टॅन्ली जोन्स यांनी १९५० साली स्थापन केलेले नूर मंझिल हे मनोरुग्णकेंद्र प्रसिद्ध आहे.



धाप व भीती : सीओपीडीसारख्या विकारात धाप आणि भीती ही दोन स्वतंत्र लक्षणे मानण्याचा शिरस्ता प्रस्तुत नोंदकारास मान्य नाही, आणि त्याचे कारण श्वसनाच्या यंत्रणेतच आहे. अरुंद नळ्यांतून हवा आत जाणे तितकेसे कठीण नसते, बाहेर पडणे कठीण असते. जिना चढताना किंवा घाईने बोलताना श्वास जलद झाला, म्हणजे उच्छ्वास पुरा होण्याआधीच पुढचा श्वास घेतला जातो, छातीत शिळी हवा साठत जाते, ताणलेल्या छातीला नवा श्वास घेण्यास जागा उरत नाही, आणि रुग्णाला आपण गुदमरतो आहोत अशी खात्री वाटू लागते. जीव घाबरा झाला, की श्वास आणखी जलद होतो. असा अनुभव दोन-चार वेळा आल्यावर रुग्ण जिना टाळतो, मग बाजार टाळतो, पुढे शेजारच्या घरचे लग्नही टाळतो. पायांचे स्नायू दुबळे होतात, आणि दुबळ्या स्नायूंना थोड्या कामासाठीही अधिक श्वास लागू लागल्याने धाप पूर्वीपेक्षा लवकर लागते. फुफ्फुसाची मोजणी जशीच्या तशी असताना माणूस अंथरुणाला खिळतो, तो या मार्गाने.

येथे उपयोगी पडणाऱ्या युक्त्या बिनखर्ची आहेत, आणि म्हणूनच कदाचित बाह्यरुग्ण विभागातील घाईत त्या सांगावयाच्या राहून जातात. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा, ओठ शीळ घालताना करतो तसे आवळून चार अंक मोजेपर्यंत तो हळूहळू सोडावा. जोर करू नये. या प्रतिबंधामुळे बारीक नळ्यांतील दाब टिकतो, त्या मिटत नाहीत व साठलेली हवा बाहेर पडते. धाप लागताच तक्तपोसाच्या कडेला पुढे झुकून बसावे, कोपरे मांडीवर किंवा समोरच्या उशीवर टेकावीत. खांद्यांचा भार उतरल्याने छातीचे साहाय्यक स्नायू श्वासास मोकळे होतात. हातपंख्याचा वारा गालांवर व नाकाभोवती घेतल्याने धापेची जाणीव कमी होते, असे प्रयोगांती आढळले आहे. मात्र ही शिकवण धाप नसताना, दररोज, सवय अंगवळणी पडेपर्यंत द्यावी लागते. ऐन वेळी दिलेला उपदेश घाबरलेल्या माणसाच्या कानावरून जातो.

स्नानाचे उदाहरण घ्यावे. पौषातील सकाळी बंद न्हाणीघरात वाफ कोंडलेली, रुग्ण उभ्याने डोक्यावर तांब्या ओततो, दोन्ही हात वर असल्याने छाती आवळते, वाकून पाय घासताना पोट छातीत दडपले जाते आणि अंग पुसण्याच्या श्रमाने दम संपतो. हेच स्नान उंच स्टुलावर बसून, दार किंचित उघडे ठेवून, पाय मांडीवर घेऊन आणि अंग पुसण्याऐवजी मोठा पंचा पांघरून केले, तर बहुतेकांना परक्याची मदत लागत नाही. आणि स्वतःचे स्नान स्वतः करता येणे हे रुग्णाच्या मनाला किती उभारी देते, ते त्याच्या घरच्यांस ठाऊक असते.

नमाजातील सिजद्याच्या वेळी, कपाळ जमिनीला टेकताना, असेच पोट छातीत दडपले गेल्याने दम कोंडतो. आजाऱ्यास बसून नमाज पढण्याची सवलत आहे, पण ज्येष्ठ मंडळींना ती घेणे जड जाते व वैद्याने ती आदराने सुचवावी लागते. रमजानच्या रोज्यात इनहेलर घेतल्याने रोजा मोडतो की नाही, याविषयी धर्मशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. वैद्याने दीर्घ परिणामाची औषधे सहरी व इफ्तारच्या वेळी घेण्याची तजवीज सुचवावी, ऐन धापेत औषध अडवू नये असे स्पष्ट सांगावे, आणि बाकी निर्णय रुग्णाने आपल्या आलिमांच्या विचाराने करावा.

फुफ्फुस-पुनर्वसन : देखरेखीखाली ६ ते ८ आठवडे चालणारा व्यायाम, श्वसनशिक्षण, आहारसल्ला व मनाला दिलेला आधार यांचा हा एकत्रित कार्यक्रम. त्याला अमेरिकेत डेन्व्हर येथील टॉमस पेटी यांनी १९६० नंतरच्या दशकात व्यवस्थित रूप दिले. २०१५ मधील कॉक्रेन समीक्षेत ६५ प्रयोगांचा आढावा घेण्यात आला, आणि धाप, थकवा, भावनिक स्थिती व आजारावरील स्वतःचा ताबा या सर्वांत लाभ इतका निःसंदिग्ध दिसला, की नेहमीच्या उपचारांशी आणखी तुलना करण्याची गरज उरली नाही असे संपादकांनी जाहीर केले. वैद्यकात असा निवाडा क्वचितच होतो. प्रारंभी व अखेरीस सपाट मार्गिकेत सहा मिनिटे चालवून अंतर मोजतात. सुमारे ३० मीटरची वाढ रुग्णाला स्वतःला जाणवते. इतके असूनही गोळी लिहून देणे सोपे आणि आठवड्यातून दोनदा रुग्णाला मलीहाबाद किंवा बाराबंकीहून आणणे अवघड, म्हणून हा सर्वोत्तम इलाज सर्वांत कमी लोकांच्या वाट्यास येतो. घरच्या घरी, भिंतीवरील कॅलेंडरावर रोजची चाल टिपून ठेवण्याची पद्धत पूर्ण पर्याय नव्हे, पण काहीच न करण्याहून ती निश्चित श्रेयस्कर.

प्राणायामापैकी संथ व दीर्घ उच्छ्वासाचे प्रकार या उपचाराशी सुसंगत आहेत. कपालभातीसारखे वेगवान प्रकार छाती फुगलेल्या रुग्णास सोसतीलच असे नाही. ब्रिटनमध्ये फुफ्फुसविकारग्रस्तांसाठी समूहगायनाचे वर्ग चालतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली मॉरिस संगीत महाविद्यालय ज्या शहरात उभे केले, तेथे संथ लयीत स्वर धरण्याचा असा वर्ग छातीच्या दवाखान्यास जोडला जावा, असे प्रस्तुत नोंदकारास मनापासून वाटते.

औषधे व प्राणवायू : इनहेलरची सवय लागते, हा समज निराधार आहे. प्राणवायू हा धापेवरचा सरसकट इलाज नव्हे : ज्यांच्या रक्तात तो विश्रांतीच्या स्थितीतही फार कमी असतो, त्यांनाच दिवसातून किमान १५ तास दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० व १९८१ मधील दोन प्रयोगांनी सिद्ध केले. यंत्राशेजारी विडी, अगरबत्ती वा अंगीठी असू नये. अल्प मात्रेतील मॉर्फिनविषयी पुरावा परस्परविरोधी आहे. इन्फ्लुएन्झा व न्यूमोनियाच्या लसी घ्याव्यात.

मनःस्वास्थ्य : खिन्नता व चिंता या रुग्णांत सर्वसाधारण लोकांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतात, मात्र निरनिराळ्या पाहण्यांतील प्रमाणे एकमेकांशी जुळत नाहीत. थकवा, निद्रानाश व भूक मंदावणे ही लक्षणे दोन्हीकडे समान असल्याने खिन्नता फुफ्फुसाच्या खाती जमा होते व तिचा उपचार होत नाही. १९८३ साली झिग्मंड व स्नेथ यांनी चिंता व खिन्नता जोखण्यासाठी रचलेल्या १४ प्रश्नांच्या तक्त्यात शारीरिक लक्षणे मुद्दाम वगळलेली असल्याने तो येथे उपयोगी पडतो. औषधांचा भागही विसरू नये : सालब्युटामॉलने हात कापतात व छाती धडधडते, आणि रुग्ण ती धडधड भीतीची समजतो, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झोप व मनःस्थिती बिघडते, आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्टविषयी मानसिक दुष्परिणामांची ठळक ताकीद अमेरिकी औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिली. झोपेच्या गोळ्या दुबळे श्वसन आणखी मंद करू शकतात, म्हणून त्या स्वतःहून घेणे धोक्याचे. विचार व वर्तन यांवर आधारित संवादोपचाराने काही प्रयोगांत चिंता कमी झाली, काहींत झाली नाही. पुनर्वसनाशी जोडून तो द्यावा हे सयुक्तिक दिसते.

धूम्रपान करणाऱ्या रुग्णाच्या मनात अपराधाची भावना घर करून असते, आणि कुटुंबातील बोलणी व दवाखान्यातील दरडावणी यांनी ती बळावली, तर तो खोकला लपवतो, तपासणीस येईनासा होतो आणि विडी मात्र सुटत नाही. तंबाखू सोडविण्यासाठी औषध व समुपदेशन दोन्ही उपलब्ध आहेत. रागावणे हा उपचार नव्हे. रात्री धापेने उठणाऱ्या रुग्णाबरोबर त्याची पत्नी किंवा सूनही जागते, तिच्या झोपेची व मनाची विचारपूस त्याच भेटीत व्हावी.

शासकीय तरतूद : असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सीओपीडी व दमा यांचा अंतर्भाव आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही मनःस्वास्थ्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.