प्रवरेचा प्रयोग : पतपुरवठ्यापासून प्रक्रियेपर्यंत

प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याकडे महाराष्ट्रातील सहकाराचा आरंभ म्हणून पाहण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो पाऊणशे वर्षांच्या अनुभवाचा परिपाक होय.

१८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील दंग्यांत कुणब्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. सरकारने त्यावर प्रथम १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला व पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा संमत झाला. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज इतर कार्यांसाठीही संस्था काढण्याची वाट मोकळी केली. तथापि, १९५१-५२ सालची स्थिती तपासणाऱ्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीस असे आढळले की, शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के होता.

या अपयशाचे मूळ कशात होते? संस्थेने कर्ज दिले, तरी मालाची किंमत ठरविण्याची सत्ता व्यापाऱ्याच्याच हाती राहिली. म्हणूनच समितीने १९५४ च्या अहवालात पतपुरवठ्याची सांगड विक्री व प्रक्रियेशी घालावी आणि शासनाने भागीदार व्हावे, अशी शिफारस केली. समितीचे एक सदस्य धनंजयराव गाडगीळ यांना या सूत्राचा प्रत्यक्ष अनुभव होता. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीच्या परिसरात शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवून उभारलेल्या कारखान्याचे ते अध्यक्ष होते. १९५०-५१ च्या हंगामात तेथे गाळप सुरू झाले आणि ऊस पिकविणाराच कारखान्याचा मालक झाला. या कारखान्याच्या मागोमाग रस्ते, शाळा व रुग्णालये आली. ग्रामीण भांडवल ग्रामीण भागातच गुंतविता येते, हे सिद्ध झाले. राष्ट्रीय विकासाच्या दृष्टीने प्रवरेचे खरे महत्त्व हेच आहे.

परंतु येथेच एक मर्यादा नजरेआड करून चालत नाही. उत्पादक सभासद होण्यास ऊस हवा, उसास जमीन व पाणी हवे. अवर्षणग्रस्त तालुक्यांतून उचल घेऊन येणारा ऊसतोड कामगार याच उद्योगाचा आधार असूनही मालकीच्या परिघाबाहेर राहिला. म्हणजे सावकाराच्या कर्जातून बागायतदार सुटला, तरी मुकादमाच्या उचलीत कोयता अडकलेलाच राहिला. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करणे हा मूलभूत हक्क ठरविला; मात्र केवळ हक्काने हा परिघ रुंदावत नाही. सहकाराचा इतिहास लिहिणाऱ्याने म्हणूनच सभासदांना काय मिळाले याबरोबरच सभासद कोणास होता आले नाही, याचीही नोंद ठेवणे अगत्याचे आहे.