मृत्यूचे निरोपे

रात्री आढ्यावर घुबड बसले किंवा टिटवी ओरडत माथ्यावरून गेली, की घरात मृत्यू व्हावयाचा, ही समजूत आपल्याकडे खेडोपाडी आढळते. तिचे मूळ फार जुने आहे. ऋग्वेदाच्या १०व्या मंडलातील १६५व्या सूक्तात कपोतास निर्ऋतीचा दूत म्हटले असून उलूकाचा शब्दही अशुभ गणला आहे. नमस्कार मात्र केला आहे तो यमास. म्हणजे पक्षी केवळ निरोप्या, धनी निराळा. पुढे लोकांनी निरोप्यासच अपराधी ठरविले.

असे का व्हावे? आमच्या मते, पूर्वी रात्रभर दिवा जळे तो बहुधा आजाऱ्यापाशी. दिव्यावर किडे येत, किड्यांमागे पिंगळा येई, आणि त्याचा आवाज जागरण करणाऱ्यांच्या कानी पडे. रोगी वाचला तर तो आवाज विसरला जाई. दगावला तर जन्मभर स्मरे. टिटवी तर भुईवरच अंडी घालते व कुत्रे-कोल्हे जवळ येताच ओरडते. ती आपल्या पिलांचे मरण टाळू पाहते, आमचे सांगत नाही.

उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखणाऱ्या घुबडास १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार आहे. तरी त्यावर दगड पडतातच. निरोप्यास मारल्याने निरोप टळत नाही, एवढे तरी आपण ध्यानी धरावे.